जोडी

मनामात त्या हॉटेलच्या मागल्या अंगाला
लाँड्रीशेजारून एक जिना खाली उतरायचा.
पाटी नव्हती. गुरुवारी अकरानंतर
तिथं ओकेल्लो उभा असायचा, कंपालाचा,
हातात हिरव्या चिकटपट्टीचं रीळ.
फोन मागायचा. पुढच्या डोळ्यावर एक तुकडा,
मागच्या डोळ्यावर एक,
पोस्टातला माणूस तिकीट दाबतो तसा अंगठ्यानं दाबायचा.
आत कुणी कुणाला बघितलेलं नाही, म्हणायचा.
आणि आत जाऊन आम्ही एकमेकांना
डोळे भरून बघायचो.

पण त्याआधी टॉर्च खाली, पायांवर.
देश विचारायचा नाही, धर्म नाही,
ओठांना लावलंय काय तेही नाही.
चप्पल मात्र चालायची नाही.
सेफ्टी बूटही नाही.
सेफ्टी बूटवाले आले की आतल्यांना सेफ वाटत नाही,
मालक म्हणतो, असं त्यानं हसत सांगितलं.
मी हसलो नाही.

सित्र्याच्या कॅम्पात आमच्या खोलीत नऊ जण
आणि माणसात जायचे बूट एकच जोडी.
डक्टच्या ओव्हरटाइममधून मी घेतलेले, काळे, लेसचे.
मला आठ नंबर लागतो, इंतिखाबला नऊ.
नऊचे घेतले.
माझ्या गुरुवारी पुढं कापूस कोंबायचा,
त्याच्या गुरुवारी काढायचा.

शुक्रवारी तो नमाजहून आला
की मी भात निवडता निवडता सांगायचो:
सलूनमधली मारिविक लेडीजमध्ये गेली, कुणी हटकलं नाही.
पुलापलीकडून येतो तो, आपल्या दोन वर्षांच्या पगाराचं घड्याळवाला,
कालही खांबाला धरून एकटाच नाचला.
इंतिखाब जत्रेहून आलेल्याचं ऐकावं तसा ऐकायचा.
दापोलीच्या हेलात विचारायचा,
माझ्यासारखो कोण होतो काय?
नव्हता, म्हणायचो.
कुणीच नव्हता.

फेब्रुवारीत एकदा दोघं गेलो.
बूट माझ्या पायात,
त्याच्या पायात रबरी चपला, साबणानं घासलेल्या.
ओकेल्लोची टॉर्च आधी बुटांवर, मग चपलांवर,
मग कितीतरी वेळ आमच्या तोंडांवर.
इतके महिने त्याला वाटत होतं
हा एकच माणूस आहे.
साइटवर शिकलेल्या हिंदीत त्यानं विचारलं, जोडी?
बुटांबद्दल की कसं, मी विचारलं नाही.
हां, म्हणालो.
त्यानं टॉर्च भिंतीवर फिरवली
आणि भिंतच बघत राहिला.

आत एकानं आमच्याजवळचा आपला ग्लास उचलून
दुसऱ्या टेबलावर नेला.
दोन गाणी झाली. तिसऱ्यात दिवे दोनदा मिचकावले.
म्हणजे बाहेर पांढरी गाडी.
ओकेल्लो किचनच्या दाराशी,
सहलीच्या मास्तरासारखा पाठीवर हात ठेवत मोजत होता.
घड्याळवाला ताटकळला,
आधी चपला, ओकेल्लो म्हणाला,
आणि इंतिखाबला पुढं ढकललं.

एक चप्पल जिन्यातच राहिली.
हमरस्त्यापर्यंत आम्ही
एकेक बूट घालून गेलो,
माझ्यातला कापूस लोळत कुठं पडला
कळलंही नाही.

आता त्या जिन्यावर चादरींच्या ट्रॉल्या लावतात.
ओकेल्लोला कुणी मुहर्रकच्या एका शाळेच्या गेटवर बघितलं,
कुणी म्हणतं परत पाठवला.
मारिविकला विचारलं तर कात्री चालवत राहिली.

पट्टी मी काढलेली नाही.
रविवारी बार्शीहून आईचा व्हिडिओ कॉल येतो.
शेजारी इंतिखाब बुटांना पॉलिश करत असतो,
का कोण जाणे, दर आठवड्याला करतो.
आई स्क्रीन डोळ्याशी नेऊन म्हणते,
निवृत्ती, नुस्तं हिरवंगार दिसतंय बाबा,
रानात बसलायस व्हय?
व्हय, म्हणतो.
एकटाच?